देवबागच्या बेंजोवाल्याची सर्फ गिटार: एक प्रकरण

मागच्या मे महिन्याच्या शेवटी भाचा कुडाळला माझ्या दुकानात आला तो पाठीला बेंजो अडकवूनच. दुकान म्हणजे मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, जळलेले स्पीकर आणि अधूनमधून येणाऱ्या गिटारी दुरुस्त करायची जागा. तो मालवणजवळच्या देवबागचा. सिझनमध्ये पर्यटकांच्या बोटीवर असतो, गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो. चहा यायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला आणि एक तुकडा ऐकवला.

"मामा, माका ह्यो आवाज होयो. पाण्यातसून इल्यासारखो."

तो आवाज सर्फ संगीताचा होता. १९६० नंतरच्या दोन-चार वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी खेळणाऱ्या पोरांच्या नाचासाठी जे वाजायचं ते. बहुतेक वेळा गाणारा कोणी नाहीच, गिटारच गाते. पुढारी डिक डेल. बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये तो वाजवायचा आणि स्वतः लाटांवरही जायचा. त्याचे वडील लेबनीज वंशाचे, आणि घरातल्या त्या पूर्वेकडच्या सुरांची किल्ली पुढे या प्रकरणात आम्हाला फार उपयोगी पडली.

पैसे ६५ हजार, दोन सिझनची बचत. गिटार त्याने आधीच ठरवली होती. समुद्री हिरव्या रंगाची, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जॅग्वार मॉडेलच्या धाटणीची, क्रोमच्या पट्ट्या चमकणारी. अ‍ॅम्पला किती ठेवलेस विचारलं तर म्हणाला, उरतील ते. गिटारीचा भाव ऐकल्यावर उरण्यासारखं काही नव्हतं.

आधी हात

खरेदीचं बोलण्याआधी मी त्याला बेंजो वाजवायला लावला. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कोकणातला बेंजो म्हणजे अमेरिकेतलं ते गोल कातडी वाद्य नव्हे. बुलबुलतरंगाची ही आपली इलेक्ट्रिक आवृत्ती: डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हाताने तारांवर पत्तीचे सपासप फटके, खाली तारेची थरथर विजेत बदलणारा पिकअप. त्याचा उजवा हात बघून मी गप्पच झालो. वर-खाली, वर-खाली, अखंड, आणि एकही फटका लंगडा नाही. सर्फ गिटारमध्ये शिकायला सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट हीच, आणि ती त्याला आठवीपासून येत होती.

डावा हात मात्र कोरा. बटण दाबणाऱ्या बोटाला तार दाबायची सवय नसते, पहिले दोन महिने टोकं सोलून निघतात. खरेदीतला अर्धा निर्णय इथेच झाला. जुन्या सर्फवाल्यांच्या तारा जाड. डिक डेलच्या तर १६ पासून ६० पर्यंतच्या, म्हणजे इंचाचे १६ ते ६० हजारांश. पाहुण्याला वाकवता येणार नाहीत अशा. जाड तार फटक्याखाली डगमगत नाही, सूर हलत नाही, ठोका भरीव येतो. पण नवख्या डाव्या हाताला त्या दिल्या तर पोरगा गणपतीपर्यंत गिटार खुंटीला टांगणार. मी मधला रस्ता धरला: ११ ते ४९ चा संच, त्यातली तिसरी तार साधी नव्हे तर गुंडाळीची, आणि सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावायची. ताण जवळपास १० पासून सुरू होणाऱ्या बारीक संचाइतका होतो आणि जाडी हाताशी राहते. तो एकटाच वाजवणार होता, त्यामुळे पट्टी कुठलीही चालते.

त्याच दुपारी त्याला एक गंमत दाखवली. डिक डेलने १९६२ मध्ये गाजवलेलं 'मिसिरलू' ही भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरची जुनी लोकप्रिय चाल. तिचे स्वर म्हणजे आपला भैरव: रे आणि ध कोमल, बाकी शुद्ध. खालची जाड तार मोकळी सोडली की सा. मग पहिला पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, आठवा ध, अकरावा नी, बारावा वरचा सा. एकाच तारेवर वर-खाली सरकायचं आणि उजव्या हाताने बेंजोचा फटका चालू ठेवायचा. दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका गिटारीवर त्याने दहा मिनिटांत चढता-उतरता भैरव सर्फच्या ठोक्यात वाजवला. वेडावाकडा, पण ओळखू येणारा. शेजारचा टेलर कात्री हातात घेऊन दारात आला.

हिरवी की साधी

योगायोगाने माझ्याकडे तेव्हा गोव्याच्या एका माणसाची जॅझमास्टर धाटणीची गिटार सेटअपला आली होती. फेंडरने जॅझमास्टर १९५८ मध्ये काढली ती जॅझवाल्यांसाठी. त्यांनी फारशी उचलली नाही, सर्फच्या पोरांनी उचलली. जॅग्वार आली १९६२ मध्ये. भाच्याला मी ती गिटार उघडून दाखवली. गुण खरे आहेत. पिकअप रुंद आणि चपटा, आवाज गोल तरी धारदार. सूर डोलवायचा दांडा मऊ, टेकवलेल्या हाताने हलका हेलकावा देता येतो. ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे तारेचा लांब तुकडा मोकळा राहतो, त्याची एक किणकिण मिसळते.

मग दोष. ब्रिजवर तार ज्या तुकड्यांवर टेकते त्यांच्या उंचीचे आणि लांबीचे मिळून डझनाहून जास्त बारीक स्क्रू. बारीक तारा लावून जोरात फटका मारला की तार खाचेतून उडी मारते. नीट बसवायची तर मानेखाली पाचर सारून कोन वाढवावा लागतो, आणि जाड तारा हव्यातच. जॅग्वारवर वरून सरकत्या बटणांची पंगत. नटपासून (मानेच्या टोकाच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची लांबीही आखूड, २४ इंचांची. जॅझमास्टर आणि स्ट्रॅटची (फेंडरच्याच स्ट्रॅटोकॅस्टरची) साडेपंचवीस. आखूड लांबीवर तोच संच ढिला पडतो, म्हणजे खालच्या तारेचा ठोसा कमी. देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये नारळाच्या बागांची चिंचोळी पट्टी. तिथे बारीक स्क्रू आणि सरकती बटणं किती दिवस हलती राहतील याचा अंदाज मला बोटींच्या वायरिंगवरून आहे.

"मगे डिक डेलाक ती खारी हवा लागत नव्हती?" हा प्रश्न आला. बरोबर प्रश्न. उत्तर असं की डिक डेल जॅग्वार वाजवतच नव्हता. त्याची स्ट्रॅटोकॅस्टर, १९५४ पासून निघणारं मॉडेल. आणि तो डावखुरा; उजव्या हाताच्या क्रमाने लावलेल्या तारा तशाच उलट्या धरून वाजवायचा. सर्फ म्हणजे जॅग्वार, हे समीकरण रेकॉर्डच्या कव्हरांनी आणि जाहिरातींनी पक्कं केलं. कानाने ऐकलं तर त्यात सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप, जाड तार आणि फटका एवढंच सापडतं.

कोल्हापुरात एका माणसाकडे स्ट्रॅट धाटणीची सहा वर्षांची गिटार होती. जाड पॉलिश, मेपलची लाखेरी मान, रंग पांढरा, किंमत १९ हजार. दमट हवेत जाड पॉलिशची बॉडी बरी, आणि पॉलिश केलेल्या मानेला ओलावा उशिरा लागतो. भाचा दोन दिवस रुसला होता हे इथे नोंदवतो. हिरव्या रंगाची किंमत कुठल्याही हिशोबात धरता येत नाही, पण ती असते.

माझ्या हातची चूक

११ चा संच चढवला की स्ट्रॅटचा ब्रिज ताणाने पुढे झुकतो. मागच्या झाकणाखाली तीन स्प्रिंगा होत्या, चौथी घातली, स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे स्क्रू आवळले आणि ब्रिज जेमतेम तरंगता ठेवला. इथवर ठीक. वरच्या नटच्या खाचा जाड तारांना अरुंद पडल्या. नटच्या खास कानशी माझ्याकडे नव्हत्या, म्हणून जुन्या तारेला पॉलिश पेपर गुंडाळून खाच रुंद करत होतो. तिसऱ्या तारेला गुंडाळीची तार नवी, जास्त जाड. तिथे हात लांबला आणि खाच खोल गेली. मोकळी तार पहिल्या पडद्यावर खरखरायला लागली.

उपाय घरातलाच. खाचेत खायच्या सोड्याची चिमूट दाबायची, वर फेविक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो, थोडी वाफ येते, नाक लांब ठेवायचं. मग परत हळूहळू खाच कोरायची. दुसऱ्यांदा मी तीन-तीन घासण्यांनंतर तार बसवून बघितली. ती तार अजून त्याच सोड्यावर उभी आहे.

स्प्रिंग

आता ज्याच्यासाठी तो आला होता ते. 'पाण्यातला' आवाज गिटारीत नसतो. तो पत्र्याच्या पेटीत ताणलेल्या स्प्रिंगांत असतो.

कल्पना सोपी आहे. पेटीच्या एका टोकाला वेटोळं, त्यात गिटारचा सिग्नल जातो आणि स्प्रिंगेच्या टोकाचं बारीक चुंबक हलतं. थरथर स्प्रिंगेतून दुसऱ्या टोकाला जाते, तिथलं वेटोळं ती पुन्हा विजेत बदलतं. थरथर तिथून परत फिरते, पुन्हा येते, असं विरेपर्यंत चालतं. हॅमंड ऑर्गनमध्ये ही स्प्रिंग होती. फेंडरने १९६१ मध्ये तिची वेगळी पेटी काढली, गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये लावायची. स्प्रिंगेत सगळे स्वरांश एकाच वेगाने धावत नाहीत, काही आधी पोचतात, काही मागून. म्हणून तार दाबून मारलेला एक तुटक फटका पलीकडे 'टपक' असा निघतो. पागोळीचा थेंब हंड्यात पडावा तसा. भाच्याला हवा होता तो हाच थेंब.

त्या वेगळ्या पेटीला तीन बटणं होती: ड्वेल, मिक्सर, टोन. महत्त्वाचं पहिलं. स्प्रिंगेला किती जोराने हाणायचं ते ड्वेल ठरवतं. अ‍ॅम्पच्या पोटातल्या रिव्हर्बला, म्हणजे आवाज घुमवायच्या सोयीला, बहुधा एकच बटण असतं. त्याने स्प्रिंगेचा आवाज किती मिसळायचा ते कळतं, हाणायचा जोर ठरलेलाच. त्याशिवाय वेगळ्या पेटीतून भिजून निघालेला सिग्नल पुढे अख्ख्या अ‍ॅम्पमधून जातो, म्हणून तो जास्त अंगावर येतो. 'रिव्हर्ब आहे' असं लिहिलेला अ‍ॅम्प घेऊन सर्फचा थेंब न मिळाल्याची तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, त्याचं कारण एवढंच.

एक गोष्ट मुद्दाम त्याला ऐकवली. डिक डेलचं १९६१ चं 'लेट्स गो ट्रिपिन' कोरडं आहे, स्प्रिंगेशिवाय. पुष्कळ जण सर्फ रेकॉर्डिंगची सुरुवात त्याच्यापासून धरतात. ते कोरडं असूनही सर्फ वाटतं, कारण हात.

पर्याय तीन होते. बाहेरून अस्सल स्प्रिंगेची तयार पेटी मागवणं, सीमाशुल्कासकट बजेटबाहेर. डिजिटल पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची इलेक्ट्रॉनिक डबी. किंवा मी बनवणं. पेडल आम्ही दोन आठवडे उसनं आणून वाजवलं, १९६३ च्या फेंडर रिव्हर्बची नक्कल करणारं बॉस कंपनीचं एफआरव्ही-१. खरं सांगतो, वाईट नाही. शेपूट छान, थेंबही आहे. जोरात तुटक मारल्यावर थेंब दर वेळी सारखाच पडतो असं मला वाटलं. खऱ्या स्प्रिंगेत मागच्या फटक्याची थरथर उरलेली असते, तिच्यावर पुढचा आदळतो आणि मिश्रण बदलतं. भाचा दुरुस्तीवाल्याचा भाचा नसता तर मी पेडलच घ्यायला लावलं असतं. त्याला गंज चढायला फार काही नाही आणि ते बोटीच्या डब्यात मावतं.

आम्ही बनवली. सुमारे १७ इंच लांबीची, दोन स्प्रिंगांची पेटी मागवली, आत जायच्या बाजूला ८ ओहम असलेली. हा आकडा बघून घ्यायचा. ८ ओहमचं वेटोळं लहान स्पीकरसारखं वागतं, त्यामुळे रेडिओत असते तसली साधी ऑडिओ आयसी ते चालवते. जास्त ओहमच्या पेटीला निराळं सर्किट लागतं. पलीकडून येणारा दुबळा सिग्नल उचलायला एक ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी आयसी. तिन्ही बटणं दिली. फणसाच्या फळीची पेटी सुताराने केली, तिचा वास अजून येतो. सगळं मिळून साडेअकरा हजार, माझी मजुरी सोडून. बहिणीने ती मजुरी कडवे वाल आणि सोलांच्या पिशवीत दिली.

अ‍ॅम्पबद्दल फार लिहायला नको. सर्फला फाटलेला आवाज नको, जोरात मारलं तरी स्वच्छ राहणारा अ‍ॅम्प हवा. डिक डेलने फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरचे अ‍ॅम्प जाळून जाळून शोमन हा मोठा अ‍ॅम्प करायला लावला तो याचसाठी. पण त्याच्यापुढे भरलेलं नाचघर होतं, भाच्यापुढे घराचं खळं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मी नको म्हटलं; व्हॉल्व्ह इथे मिळत नाहीत आणि आमच्याकडचं व्होल्टेज पावसात नाचतं. एक जुना ६० वॉटचा ट्रान्झिस्टरचा, १२ इंची स्पीकरचा, १३ हजारांत मिळाला. ट्रेबल थोडं वर, गेन तळाला. झालं.

वीज, आणि गडगडाट

देवबागला सगळं जोडलं आणि 'गूं' सुरू झालं. सिंगल कॉइल पिकअप थोडं गुणगुणतोच, पण हे जास्त होतं. तारांना हात लावला की कमी, सोडला की वाढ. म्हणजे अर्थिंग बघा. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत हे मी इतकं बघितलंय की आता आधी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढतो आणि मग गिटार. हा आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणारा ओल्या खळ्यात अनवाणी उभा असतो. अर्थिंगचा खड्डा, नवी तार, आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर: साडेचार हजार. भाच्याला हा खर्च फुकटचा वाटला. मी ऐकलं नाही.

तरी एक गुणगुण उरली, ती स्प्रिंगेतून येत होती. पेटी जुन्या फोटोंत दिसते तशी अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवली होती आणि तिचं बाहेर काढणारं वेटोळं नेमकं अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर आलं होतं. पेटी उलट फिरवली, गुणगुण गेली. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की मात्र माशी बसल्यासारखा किर्र आवाज येतो. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा. पिकअप ती पकडतो. मधला आणि कडेचा पिकअप एकत्र चालू केला की ते बरंच मरतं, कारण या गिटारीत मधला उलट गुंडाळलेला आहे. पण ब्रिजच्या पिकअपची धार जाते. म्हणून लाइट गेली की तो बेंजो काढतो, गिटार नाही.

गणपतीत वाडीतल्या कार्यक्रमाला प्लायवूडचा मंच होता. पहिल्याच तुकड्याला ढोलवाल्याने ताल धरला, दोन पोरं मंचावर नाचायला चढली आणि स्पीकरमधून ढगफुटीसारखा गडगडाट झाला. स्प्रिंगेला धक्का बसला की ती कडाडते, आणि ड्वेल चढवलेलं. पुढच्या रांगेतल्या आजीने वर बघत विचारलं, "पावस इलो की काय रे?" आणि निम्म्या लोकांनी छत्र्या चाचपल्या. हे मला आधी सुचायला हवं होतं, दुकानात तर फरशीच आहे. तेव्हा पेटी मंचाखाली जमिनीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवली, खाली कोणाच्या तरी सायकलच्या सीटचा स्पंज. मग नीट वाजली. भैरवातला तो तुकडा संपल्यावर भजनी मंडळातल्या एका बुवांनी कुठली चीज आहे असं विचारलं, यातच त्याचे ६५ हजार वसूल झाले असं तो म्हणतो. खरा खर्च ५१ हजारांच्या आसपास गेला, तारा-केबल-स्टँड धरून.

खारं

त्याचा वाजवायचा खरा हंगाम पावसाळा, कारण तेव्हा बोटी बंद. यांत्रिक होड्यांची मासेमारीही जून-जुलैत बंद असते, वाडी मोकळी. म्हणजे गिटार सर्वांत जास्त हातात येते ती नेमकी सर्वांत दमट महिन्यांत, आणि घामाच्या हातात. साध्या निकेलच्या तारा तीन आठवड्यांत काळ्या पडल्या. आता लेप दिलेल्या तारा लावतो. महाग, पण तीन महिने जातात. वाजवून झालं की सुती लुंगीच्या तुकड्याने तारा खालून-वरून पुसायच्या, आणि ब्रिजच्या उंचीच्या बारीक स्क्रूंना महिन्याला शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. तेलाशिवाय ते स्क्रू जाम झाले की चावीचं भोकच गोल होतं, मग ड्रिलशिवाय सुटका नाही. बंद पेटीत गिटार ठेवू नको म्हणून सांगितलंय. ओलावा आत कोंडतो. भिंतीपासून लांब, हवेत, स्टँडवर.

जुलैत त्याचा फोन आला. "मामा, स्प्रिंग वाजणा नाय." आवाज कोरडा ठणठणीत. मी जाऊन बघितलं तर स्प्रिंगा छान होत्या. पेटीला जाणाऱ्या लहान पिनेवर हिरवी पूड चढली होती. पॉलिश पेपरने घासली, वर थोडी व्हॅसलिन फिरवली, पाच मिनिटांचं काम.

निघताना त्याने मोबाइल पुढे केला. परत जॅग्वार, या खेपेला निळी. मी म्हटलं, कोल्हापूरवाल्याच्या गिटारीचे ब्रिजचे सहा तुकडे पुढच्या जूनला चावीने फिरत असतील तर बोलू.

"फिरतत," तो म्हणाला, आणि तेलाची बाटली दाखवली. ती जवळजवळ रिकामी होती.